नडग्यांचा इतिहास

इतिहास राजांचे लिहिले गेले, लढायांचे लिहिले गेले, किल्ल्यांचे, तहांचे आणि तह मोडणाऱ्यांचेही लिहिले गेले. पण माणसाच्या नडगीचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक देवानं हा अवयव घडवताना फारच काटकसर केली आहे. मागच्या बाजूला पोटरीला भरपूर मांस दिलं आणि पुढं नुसतं हाड ठेवून त्यावर कातडी ताणून बसवली. छत्रीच्या काड्यांवर कापड बसवावं तशी. कवींनी नाकाला चाफेकळी म्हटलं, डोळ्यांना कमळं म्हटलं, पण नडगीला कुणी काही म्हटलं नाही. पलंगाचा कोपरा, सायकलचं पायडल आणि फुटबॉलचा बूट हे तिचे तीन पिढीजात वैरी. पहिल्या दोघांना ऐतिहासिक महत्त्व नाही. त्यांचं काम हळद आणि शिव्या ह्यांवर भागतं. तिसऱ्यानं मात्र एका खेळाचे दोन खेळ केले, शहाण्यासुरत्या माणसांत फाटाफूट घडवली आणि शिट्टी नावाच्या क्षुल्लक वस्तूला राजदंडाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

नागपूरच्या माणसानं हा इतिहास का सांगावा, असं कुणी विचारील. नागपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला संत्री आठवतात, ऊन आठवतं, फार तर तर्री-पोहे आठवतात. फुटबॉल आठवत नाही. पण इंग्रजांनी 1821 साली कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसवली. पलटण जिथं जाई तिथं आधी तंबू जात, मग बँड जाई, मग पावरोटी जाई, आणि पुढं त्यांच्या मागोमाग फुटबॉलही जाऊ लागला. हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या गावांची ही साधारण हकीकत आहे. पलटणी गेल्या, बँड लग्नाच्या वरातीत शिरला, पावरोटी चहात बुडाली, पण फुटबॉल राहिला. रब्बानी, यंग मुस्लिम, राहुल ही नावं उच्चारली की नागपूर-कामठीकडचा जाणता माणूस खुर्ची पुढं ओढून बसतो आणि आपली दुपार गेली असं समजावं.

ह्या भागातल्या कुठल्याही मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहा. तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं खेळाडूचं : "बॉललेच मारलं ना भाऊ मी, त्याचा पाय मधात आला!" दुसरं प्रेक्षकाचं : "काय बे रेफ्री, झोपून राहिला का?" आणि तिसरं, खाली पडलेल्या पोराचं, ते मात्र छापण्यासारखं नसतं. माझं म्हणणं असं की, फुटबॉलचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास ह्या तीन वाक्यांत आलेला आहे. बाकीचा सगळा तपशील.

तो तपशील सुरू होतो लंडनमधल्या एका खानावळवजा ठिकाणी. फ्रीमेसन्स टॅव्हर्न त्याचं नाव. 26 ऑक्टोबर 1863 ह्या दिवशी तिथं काही क्लबांची मंडळी जमली आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. तोवर इंग्लंडात प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. आपल्याकडे जसं दर बारा कोसांवर वरणाची फोडणी बदलते, तसे तिथं दर शाळेगणिक नियम बदलत. कुठं चेंडू हातात घेऊन पळावं, कुठं घेऊ नये. आणि कुठं समोरच्याच्या नडगीवर लाथ मारावी, कुठं मारू नये. ह्या शेवटच्या प्रकाराला त्यांनी 'हॅकिंग' असं रीतसर नाव ठेवलं होतं. म्हणजे लाथ ही चुकून लागायची गोष्ट नव्हती, तो खेळाडूचा हक्क होता. नियमांच्या पहिल्या मसुद्यात तो हक्क चक्क कलम म्हणून लिहिलेलाही होता.

सभा एक झाली, दोन झाल्या, होता होता सहा झाल्या. ते कलम काढून टाकावं असं बहुतेकांचं मत पडू लागलं. ही माणसं दिवसा कचेरीत जाणारी. सोमवारी लंगडत कामावर कसं जायचं, हा त्यांच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न. पण ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल नावाचे सद्‌गृहस्थ उभे राहिले. हे असोसिएशनचे खजिनदार. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नडगीवर लाथ मारणं बंद केलंत तर खेळातली मर्दुमकी जाईल, मग मी फ्रान्समधून काही फ्रेंच लोक आणीन आणि ते आठवडाभराच्या सरावावर तुम्हांला हरवतील. त्या काळच्या इंग्रजाला ह्याहून भयंकर धमकी देणं शक्य नव्हतं. तरीही कलम गेलं, आणि 8 डिसेंबर 1863 च्या सभेत ब्लॅकहीथनं संघटना सोडली. पुढं 1871 साली रग्बीवाल्यांनी आपली वेगळी युनियन काढली, तीत ब्लॅकहीथ होतीच. आणि गंमत पाहा, ह्या रग्बीवाल्यांनीही पहिल्याच नियमांत हॅकिंगवर बंदी घातली! म्हणजे जिच्यासाठी घर सोडलं ती नव्या घरात आल्याबरोबर बाहेर काढली. संयुक्त कुटुंबांच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला ह्यात नवल वाटू नये. (त्या फ्रेंच लोकांचं काय झालं ते पुढं येईल.)

आता एक मौज सांगतो. 1863 च्या त्या नियमांत पंचाचा उल्लेखच नाही. नियम तेरा, पंच शून्य. कारण सरळ होतं : खेळणारे सगळे सभ्य गृहस्थ. सभ्य गृहस्थ नियम मोडत नाहीत, आणि मोडलाच तर दोन्ही कप्तान आपसांत बोलून मिटवतील. 'आपसांत बोलून मिटवणं' म्हणजे काय, हे ज्यांनी नागपुरात घरमालक-भाडेकरू प्रकरण पाहिलंय त्यांना सांगायला नको. सभ्य गृहस्थांचं आपसांत मिटेना. तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापला एकेक अंपायर आणला. साहजिकच आपला अंपायर आपल्यासारखं बोले, त्यांचा त्यांच्यासारखं. मग त्या दोघांचं मिटेना म्हणून तिसरा माणूस मैदानाबाहेर खुर्ची टाकून बसवला. दोघांचं जमलं नाही की प्रकरण त्याच्याकडे 'रेफर' करायचं, म्हणून तो रेफरी. वरच्या कोर्टात अपील नेतात तसं. आणि क्रिकेटसारखं अपील केल्याखेरीज निर्णय मिळत नसे. म्हणजे लाथ खाल्लेल्या माणसानं आधी जमिनीवरून उठून अर्ज करायचा.

1891 साली हा वरच्या कोर्टाचा न्यायाधीश खुर्चीवरून उठून मैदानात आला आणि ते दोघे अंपायर निशाण घेऊन रेषेवर गेले. त्याच साली पेनल्टी किकही आली. ती सुचवली आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यातल्या विल्यम मॅक्रम ह्या माणसानं. आणि हा होता कोण? गोलकीपर! ज्याच्या डोक्यावर ते संकट येणार त्यानंच ते शोधून काढलं. कारण तोच रोज समोरून पाहत होता : गोल होणार असं दिसलं की मागचा गडी सरळ पुढच्याचे पाय काढून घेई आणि शिक्षा काय, तर मुकाट्यानं एक फ्री किक. ह्यावर सभ्य गृहस्थ फार रागावले. रणजितसिंहजींचे दोस्त सी. बी. फ्राय ह्यांना तर पेनल्टीची ती खूणच अपमानास्पद वाटे. सज्जन माणूस मुद्दाम पाय घालील अशी शंका तरी कशी घेता, असा त्यांचा सवाल. सवाल बिनतोड होता. फक्त सज्जनांच्या नडग्यांवर त्याचं उत्तर लिहिलेलं होतं.

आमच्या भाषेत रेफरीला 'पंच' म्हणतात, हा भाषेनं केलेला एक विनोदच आहे. पंच म्हणजे पाच. पाचामुखी परमेश्वर म्हणून गावानं पाच माणसं बसवली, पारावर सावली दिली, पान-तंबाखू दिली, विचार करायला आठवडा दिला. फुटबॉलनं एकच माणूस घेतला, त्याला हाफ पँट चढवली, उन्हात पळायला लावलं आणि विचार करायला अर्धा सेकंद दिला. शिवाय गावच्या पंचांना निदान घरी सुखरूप जाण्याची सोय असे.

हिंदुस्थानात ह्या नडगीच्या प्रश्नाला आणखी एक पदर होता. आपण अनवाणी खेळत होतो. 29 जुलै 1911 ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहांच्या पायांत काही नव्हतं. बूट घातलेले एकटे रेव्हरंड सुधीर चटर्जी. समोर मात्र पलटणीचे बूट. आजच्या पंचाला हा सामना दिला तर तो पहिल्या पाच मिनिटांत घरी निघून जाईल. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपले बहुतेक गडी अनवाणीच उतरले, फ्रान्सकडून 2-1 असे हरले. दोन पेनल्ट्या वाया गेल्या नसत्या तर जिंकलेही असते. 1952 ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं 10-1 असं धुतलं आणि मग आपल्या फुटबॉल संघटनेनं बूट सक्तीचे केले. बूट आले आणि लाथ मारण्याच्या बाबतीत आपण जगाच्या बरोबरीला आलो. स्वातंत्र्याचे असेही काही लाभ असतात.

आता येतो तो मास्तर. केन ॲस्टन हा इंग्रज पेशानं शाळामास्तर. 1962 साली चिलीमध्ये वर्ल्ड कप झाला, तेव्हा चिली विरुद्ध इटली हा सामना त्याच्या वाट्याला आला. 'सँटियागोची लढाई' ह्या नावानंच तो सामना ओळखला जातो, ह्यावरून काय ते समजा. दोन इटालियन बाहेर काढले, पोलिसांना पुन्हा पुन्हा मैदानात यावं लागलं. चार वर्षांनी, 1966 च्या वर्ल्ड कपात ॲस्टन सगळ्या पंचांचा मुख्य होता. वेंबलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना. पंच क्राइटलाइन हा जर्मन. त्यानं अर्जेंटिनाच्या कप्तानाला, रातीनला, बाहेर जायला सांगितलं. रातीनला जर्मन येत नव्हतं, पंचाला स्पॅनिश येत नव्हतं. रातीन म्हणे दुभाषा आणा. कितीतरी मिनिटं खेळ खोळंबला. माणूस बाहेर जायला तयार नाही. आणि शेवटी गेला तो राणीसाहेबांसाठी अंथरलेल्या लाल गालिचावर जाऊन बसला. आपल्याकडे लग्नात रुसलेला जावई बोहल्याच्या पायरीवर बसतो, तशातला प्रकार.

त्याच सामन्यात चार्ल्टन बंधूंना ताकीद मिळाली होती आणि ते त्यांना स्वतःलाच दुसऱ्या दिवशी कळलं. ॲस्टन विचार करत मोटारीतून निघाला होता. रस्त्यात सिग्नल लागला : पिवळा, मग लाल. मास्तरच्या डोक्यात प्रकाश पडला. पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. ह्याला दुभाषा लागत नाही. 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपात ही कार्डं प्रथम आली. त्या वर्षी लाल कुणालाच मिळालं नाही; वर्ल्ड कपातलं पहिलं लाल कार्ड 1974 साली चिलीच्या कार्लोस काझेलीला मिळालं. माझं एकच म्हणणं आहे : मास्तर लंडनच्या सिग्नलवर थांबले म्हणून बरं झालं. नागपूरच्या व्हरायटी चौकात थांबले असते, तर पिवळ्याचा अर्थ 'जपून' असा त्यांना खचितच लागला नसता. आमच्याकडे पिवळा म्हणजे 'घे बे, निघून जाते!' आणि बारकाईनं पाहाल तर मैदानावरही आमची पोट्टी पिवळ्याचा अर्थ तोच घेतात.

त्याच 1966 सालानं आणखी एक धडा दिला. पेले. बल्गेरियाविरुद्ध त्याला इतक्या लाथा बसल्या की पुढच्या सामन्याला तो मुकला; मग पोर्तुगालच्या मोराइसनं त्याला एकदा पाडलं, आणि तो सावरतो तोच दुसऱ्यांदा पाडलं. मोराइसला कुणी बाहेर काढलं नाही. बदली खेळाडू घ्यायची तेव्हा सोय नव्हती. जगातला सर्वांत मोठा खेळाडू एका पायावर लंगडत मैदानात उरलेला वेळ काढत होता. आता ह्या वर्ल्ड कपात खेळणार नाही, असं तो म्हणाला; सुदैवानं 1970 ला त्यानं शब्द मोडला. पण विचार करा, पंचाच्या न वाजलेल्या शिट्टीमुळं 1970 चा पेले जगाला दिसलाच नसता. वाजलेल्या शिट्टीबद्दल आपण पंचाला शिव्या देतो. न वाजलेल्या शिट्टीची किंमत मात्र भलताच माणूस भरतो.

ह्याच ठिकाणी 'बॉललेच मारलं ना भाऊ' ह्या वाक्याचा निकाल लावून टाकू. हे वाक्य आजच्या नियमात बसत नाही. नियम विचारतो तो प्रश्न वेगळाच आहे. तुम्ही निष्काळजीपणे गेलात? मग नुसती फ्री किक. समोरच्याचं काय होईल ह्याची पर्वा न करता गेलात? पिवळं. त्याच्या जिवाला धोका होईल इतक्या ताकदीनं गेलात? लाल. चेंडू आधी लागला की पाय, हे विचारून सुटका नाही. मनात काय होतं हेही कुणी विचारत नाही. स्कूटरवाला म्हणतो, "मी हॉर्न वाजवला होता." वाजवला असशील बाप्पा, पण म्हातारा पडला ना? नियमाला म्हातारा दिसतो, हॉर्न ऐकू येत नाही. मला हा फुटबॉलमधला सर्वांत शहाणा नियम वाटतो, आणि घराघरांत लावला तर बरीच भांडणं मिटतील असंही वाटतं. पण मी कुणाच्या घरात शिरत नाही.

इथवर हसत आलो. पण नडगीचा इतिहास लिहायचा तर दोन पानं अशी आहेत की तिथं हसता येत नाही, आणि ती पानं आपल्याच देशातली आहेत.

16 ऑगस्ट 1980. कलकत्त्याचं ईडन गार्डन्स. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. मैदानात दोन गड्यांची धसमुसळ झाली आणि पंचानं दोघांनाही बाहेर काढलं. मैदानापुरता न्याय झाला. गॅलरीला तो पुरला नाही. गॅलरीत मारामारी पेटली, पळापळ झाली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 माणसं मेली. खेळ पाहायला आलेली. त्यांच्या नडगीला कुणी हात लावला नव्हता, त्यांना कुणी कार्ड दाखवलं नव्हतं. बंगालमध्ये तो दिवस अजून फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून रक्तदान करून पाळतात.

दुसरं पान गोव्याचं. 5 डिसेंबर 2004. बंगलोरला फेडरेशन कपाचा अंतिम सामना, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोत क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझीलचा 25 वर्षांचा पोरगा खेळत होता. पहिला गोल त्याचा. दुसराही त्याचाच, पण तो मारताना गोलकीपरशी त्याची धडक झाली, तो पडला, आणि परत उठला नाही. डेम्पोनं सामना 2-0 असा जिंकला. गोलकीपरवर काही काळ बंदी आली. डेम्पोनं त्याचा 10 नंबरचा शर्ट पुढं कुणाला न देण्याचं ठरवलं. करंडक गोव्यात आला. तो उचलताना त्या मंडळींना काय वाटलं असेल, त्याचा विचार करवत नाही. तेव्हापासून कुणी मैदानाच्या कडेला उभं राहून "अरे खेळ आहे हा, लागणारच!" असं म्हणालं की माझ्या तोंडून हो येत नाही.

ह्या सगळ्याकडे पाहिलं म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. फुटबॉलचे नियम कुणा विद्वानानं शांतपणे बसून लिहिलेले नाहीत. आधी कुणीतरी पडलं, मग ओळ लिहिली गेली. फ्रान्समध्ये 1998 चा वर्ल्ड कप झाला, त्याच्या जरा आधी मागून येऊन धोकादायक रीतीनं पाय काढणाऱ्याला थेट लाल कार्ड, असा हुकूम निघाला. त्याच्यामागं किती घोटे आणि किती गुडघे असतील ते अस्थिरोगतज्ज्ञांना ठाऊक. आणि बरं का, तो वर्ल्ड कप जिंकला कुणी? फ्रेंच लोकांनी! ब्लॅकहीथच्या कॅम्पबेलसाहेबांचं भाकीत खरं ठरायला 135 वर्षं लागली खरी, पण मर्दुमकी कायद्यानं आणखी थोडी कमी झाल्याबरोबर फ्रेंच जिंकले, हे कबूल करायला हवं. फक्त सराव आठवड्याहून बराच जास्त केला होता.

मधल्या काळात टेलिव्हिजन आला आणि पंचाचं उरलंसुरलं सुख संपलं. 22 जून 1986 ची रात्र आम्हा लोकांना आठवते. मेक्सिकोतली भर दुपार म्हणजे आपली साडेअकराची रात्र. कूलरची घरघर, एका टी.व्ही.पुढं साऱ्या मोहल्ल्याची वर्गणी. मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला. नागपुरातल्या आजीबाईंना दिसलं, झोपेतून उठलेल्या पोरांना दिसलं. ट्युनिशियाच्या बेनासर ह्या पंचाला आणि रेषेवरच्या दोचेव्हला दिसलं नाही. त्यापूर्वी 1982 ला सेव्हिलमध्ये जर्मनीचा गोलकीपर शुमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर असा येऊन आदळला की त्याचे दात पडले आणि तो बेशुद्ध झाला. पंचानं साधी फ्री किकसुद्धा दिली नाही. पंचाची नजर चेंडूवर होती. चेंडूच्या मागं बावीस माणसं, आणि डोळे दोन! पूर्वी चुकलेला निर्णय दिवेलागणीला मरून जाई. टी.व्ही. आल्यापासून तो दर चार वर्षांनी वर काढून पुन्हा दाखवतात.

म्हणून 2018 च्या वर्ल्ड कपात मैदानाबाहेरच्या खोलीत पडद्यांपुढं बसणारा व्हिडिओ-पंच आला. आता मोजा : मैदानातला एक, रेषेवरचे दोन, बाहेर उभा राहणारा चौथा आणि खोलीतला पाचवा. झाले ना पाच? त्या पाचव्याचे मदतनीस वेगळे सोडा. मराठी भाषेनं शेकडो वर्षांपूर्वी जे सांगून ठेवलं होतं ते समजायला फुटबॉलला 2018 साल उजाडावं लागलं. आणि पाचही मिळून निर्णय देतात तेव्हा काय होतं? चौकातल्या चहाच्या टपरीवर पन्नास जण तो नामंजूर करतात.

पंच वाढत वाढत पाच झाले, ही एक दिशा. पण जगात दुसरीही एक वाट निघाली आहे, आणि ती आमच्या नागपूरपर्यंत येते, म्हणून तिची हकीकत सांगून संपवतो.

1994 च्या वर्ल्ड कपात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला. तो मायदेशी परतला आणि काही दिवसांत मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यानंतर त्याच शहरात काही मंडळींनी गुंडांच्या टोळ्यांतल्या पोरांना घेऊन एक फुटबॉल सुरू केला, ज्यात रेफरीच नाही. हा खेळ तीन भागांत चालतो. आधी दोन्ही संघ एकत्र बसून आजचे नियम ठरवतात. मग खेळतात, मुलं-मुली एकत्र. मग पुन्हा गोल करून बसतात आणि कोण नीट वागलं, कोण नाही, ह्याचे गुण आपसांत ठरवतात. गोल जास्त केले तरी वागणुकीचे गुण कमी पडले तर हरायची पाळी. भांडण फारच झालं तर समजूत घालणारा एक माणूस कडेला असतो, पण त्याच्याकडे शिट्टी नसते. 2010 साली दक्षिण आफ्रिकेत मोठा वर्ल्ड कप चालू होता, तेव्हाच जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत फिफानं असा 32 संघांचा मेळावा भरवला. त्यातही रेफरी नव्हते.

वस्त्यांमधून फुटबॉल खेळवणाऱ्या संस्थांचं जे जगभरचं जाळं ह्या रीतीभोवती विणलं गेलं, त्यात नागपूरची स्लम सॉकर ही संस्था आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी नव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभी केली. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांना खरा चेंडू दिला. नागराज मंजुळे ह्यांचा 2022 सालचा 'झुंड' हा सिनेमा त्यांच्यावरूनच. अमिताभ बच्चन नागपूरच्या गुरुजींच्या वेशात पाहून आमचं शहर काही महिने जमिनीवर नव्हतं. त्याआधी 2016 साली ह्या संस्थेला फिफानं डायव्हर्सिटी अवॉर्ड दिलं होतं, पण सिनेमाशिवाय आम्ही अशा गोष्टींची दखल घेत नाही.

मला नेहमी वाटतं की 1863 च्या त्या सभ्य गृहस्थांना आणि वस्तीतल्या ह्या पोरांना शेजारी शेजारी बसवावं. दोघांकडेही रेफरी नाही. गृहस्थ म्हणत, आम्ही सभ्य आहोत, आम्हांला बोलायची गरज काय? आणि एकमेकांच्या नडग्या फोडत. पोरांना कुणी सभ्य म्हटलेलं नाही. म्हणून ती खेळण्याआधी बसतात, बोलतात, आणि खेळल्यावर पुन्हा बसतात. फरक एवढाच आहे, आणि तो नडगीला बरोबर कळतो.

बाकी आम्हा मोठ्या माणसांना रेफरीवाचून चालणार नाही, हे मी जाणून आहे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. वर्षभराची रोगराई, महागाई, पुढाऱ्यांवरचा राग, सगळं त्या पुतळ्याच्या आणि बडग्याच्या नावानं ओरडून घ्यायचं, त्यांना गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. गाव मोकळं होतं. रेफरी हा दर रविवारचा बडग्या. घरी बोलता येत नाही, कचेरीत बोलता येत नाही, त्या सगळ्याचं आम्ही त्याच्या नावानं ओरडतो. फरक इतकाच की बडग्या कागद-बांबूचा असतो, आणि रेफरीला सामना संपल्यावर सायकल काढून घरी जायचं असतं. त्याला खुशाल ओरडा. ओरडण्यासाठीच तिकीट काढलेलं असतं. पण शिट्टी वाजली की पहिली शिवी सुटण्याआधी एकदा मैदानात नजर टाकावी आणि मोजून घ्यावं : बावीस गडी, चव्वेचाळीस नडग्या. सगळ्या जागेवर असल्या, तर हिशेब जमला म्हणायचा. मग द्या शिवी.